मुलगी आर्किटेक्चरला, माझं हिशेबाचं काम, घरात टेबल एकच : लॅपटॉप घ्यावा की डेस्कटॉप?

निळीशाई

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

आम्ही ऐरोलीत राहतो, सिडकोची जुनी बिल्डिंग, वन बीएचके. मुलीला यंदा आर्किटेक्चरला प्रवेश मिळालाय, कॉलेज नेरूळच्या बाजूला. मी घरून सात-आठ दुकानांचे हिशेब लिहिते. टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर), जीएसटीचे रिटर्न, बँकेचा ताळमेळ एवढंच काम. दोन दुकानं ठाण्यात गोखले रोडवर, बाकी इथलीच.

घरातला डेस्कटॉप २०१४ चा आहे, इंटेल आय-थ्री, चौथी पिढी. त्याने बारा महिने तेरा काळ साथ दिली. एकदा एसएमपीएस (आतला वीजपुरवठ्याचा डबा) बदलला, एकदा रॅम वाढवली, बाकी काही नाही. पण विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आणि हे मशीन विंडोज ११ घेत नाही. लोकांचे पॅन नंबर, बँक स्टेटमेंटं माझ्याकडे असतात, त्यामुळे असंच ढकलत राहणं मनाला पटत नाही.

बजेट ९० हजार, त्यात सगळं आलं. मिस्टर म्हणतात डेस्कटॉप घे, त्याच पैशात दणकट मशीन येईल. लेक म्हणते लॅपटॉपशिवाय चालणारच नाही. मला स्वतःला डेस्कटॉपची सवय आणि विश्वासही. उघडता येतो, दुरुस्त होतो. पण तिचं शिक्षण पाच वर्षांचं आहे, माझ्या सवयीपायी तिची अडचण व्हायला नको. जाणकारांनी मार्ग दाखवावा.

घोडबंदरकर

ताई, मिस्टरांचं बरोबर आहे. कारण नीट समजून घ्या, कारण दुकानात हे कोणी सांगणार नाही.

लॅपटॉपमधल्या आणि डेस्कटॉपमधल्या भागांची नावं सारखी असतात, भाग सारखे नसतात. ग्राफिक्सचंच घ्या. आरटीएक्स ४०७० या ग्राफिक्स चिपचं नाव दोन्हीकडे आहे. डेस्कटॉपच्या कार्डात ५,८८८ कोअर (चिपमधले काम करणारे छोटे भाग) आणि १२ जीबी मेमरी, लॅपटॉपच्या चिपमध्ये ४,६०८ कोअर आणि ८ जीबी. ४०९० मध्ये तर १६,३८४ विरुद्ध ९,७२८. नाव वाचून पैसे मोजणाऱ्याला वाटतं तीच वस्तू मिळाली.

जिथे कोअर सारखे, तिथेही विजेचा फरक पडतो. ४०६० ला दोन्हीकडे ३,०७२ कोअर आहेत. पण लॅपटॉप बनवणारी कंपनी त्या चिपला ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही वीज देऊ शकते. बारीक, सुबक लॅपटॉपमध्ये कमी वीज, जाडजूड लॅपटॉपमध्ये जास्त. चिप एकच, कामाचा वेग वेगळा. दोन सेंटिमीटर जाडीच्या डब्यातून उष्णता बाहेर काढायची म्हटल्यावर दुसरं काय होणार?

प्रोसेसरचंही तसंच. नावाच्या शेवटी यू असेल तर तो बॅटरी वाचवणारा, एच किंवा एचएक्स असेल तर जोरकस. दोघांवर आय-सेव्हन लिहिलेलं असतं.

आणि रॅम. आजकाल पुष्कळ पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवर डाखलेली असते. आज १६ जीबी घेतलीत तर पाच वर्षं १६ जीबीच. डेस्कटॉपमध्ये खाचेत पट्टी बसवली की झालं.

माझं स्पष्ट मत : डेस्कटॉप, २४ इंची मॉनिटर आणि एक यूपीएस.

पायवाट

घोडबंदरकर यांनी लिहिलेलं अक्षर न् अक्षर खरं आहे, तरीही मी उलट सल्ला देणार. मी आर्किटेक्चर करून चार वर्षं झाली, तुमच्या मुलीची पाच वर्षं कशी जातील ते सांगते.

पहिल्या वर्षी बहुतेक काम हाताने. ए-वन शीट, टी-स्क्वेअर, मॉडेलं. तेव्हा कॉम्प्युटर फारसा लागत नाही. दुसऱ्या वर्षापासून ऑटोकॅड, स्केचअप आणि मग रेव्हिट, ही प्लॅन आणि मॉडेलं काढायची सॉफ्टवेअरं. स्टुडिओत सकाळपासून बसायचं असतं. सर किंवा मॅडम टेबलापाशी येतात, प्लॅन बघतात, म्हणतात हा जिना इकडे सरकव, बघू काय होतं. तेव्हा फाइल समोर उघडी हवी. "घरच्या मशीनवर आहे, उद्या करून आणते" म्हटलं की तो दिवस गेला. ग्रुपमध्ये साइटचा अभ्यास असतो, चौघांच्या फाइली एकत्र करायच्या असतात, ज्यूरीच्या, म्हणजे परीक्षकांपुढे काम मांडायच्या दिवसाच्या, आदल्या रात्री मैत्रिणीच्या घरी मुक्काम असतो.

माझ्या वर्गात दोघांकडे फक्त डेस्कटॉप होता. दोघेही हुशार. पेन ड्राइव्हवरून फाइल नेऊन कॉलेजच्या लॅबमध्ये उघडायचे, तिथे रेव्हिटची आवृत्ती जुनी, नव्या आवृत्तीतली फाइल उघडायचीच नाही. तिसऱ्या वर्षापर्यंत दोघांनी लॅपटॉप घेतले, म्हणजे खर्च दोनदा झाला.

एक महत्त्वाचं : मॅकबुकच्या मोहात पडू देऊ नका. रेव्हिट फक्त विंडोजवर चालतं. लुमियन, म्हणजे मॉडेलचं खऱ्यासारखं चित्र काढून देणारं (रेंडरिंगचं) सॉफ्टवेअर, तेही. आणि ऑटोडेस्कची सॉफ्टवेअरं विद्यार्थ्यांना फुकट मिळतात, दरवर्षी नूतनीकरण करायचं असतं. "क्रॅक" टाकून देतो म्हणणाऱ्या दुकानदाराला नाही म्हणा. तुमच्या घरात तर लोकांचे हिशेब आहेत.

घोडबंदरकर

@पायवाट, स्टुडिओचा मुद्दा मला माहीत नव्हता. पण वजनाचं काय? ग्राफिक्सवाला लॅपटॉप सव्वादोन-अडीच किलोचा, वर चार्जरची वीट अर्धा किलो. ऐरोली ते नेरूळ लोकलने, सकाळी, पावसात.

पायवाट

वजन होतंच, नाकारत नाही. सोबत शीटची नळी असते आणि कधी मॉडेलचा खोका. पण रोज न्यायचा नसतो. पहिलं वर्ष तर जवळजवळ नाहीच. ट्रान्स-हार्बर लाइनच्या लोकलला ऐरोलीहून बसायला जागा मिळत नाही, तरी पनवेल-नेरूळच्या बाजूला जाताना ठाण्याच्या बाजूइतकी गर्दी नसते. बॅग पुढे छातीवर घ्यायची, रॅकवर ठेवायची नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत बॅगेच्या आत जाड प्लास्टिकची पिशवी, बाहेरच्या रेनकव्हरवर विसंबून राहू नये. माझ्या मैत्रिणीचा लॅपटॉप रेनकव्हर असताना पाठीकडच्या बाजूने भिजला होता.

अबोली

वाचतेय. मी भाषांतराचं काम करते, नौपाड्यात राहते. वेगळा मुद्दा मांडते : मान.

पाच वर्षं नुसत्या लॅपटॉपवर काम केलं. डायनिंग टेबल, लॅपटॉप, रोज सात-आठ तास. पडदा आणि कळफलक एकमेकांना जोडलेले असल्यामुळे हात नीट ठेवले तर मान खाली जाते आणि मान नीट ठेवली तर हात वर येतात. लॅपटॉपच्या रचनेतलाच हा दोष आहे, त्याला बसण्याची कुठलीही पद्धत पुरी पडत नाही. मला शेवटी उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या, तीन महिने व्यायाम करावे लागले.

आता लॅपटॉप स्टँडवर, वेगळा कीबोर्ड, वेगळा माउस, आणि एचडीएमआयने जोडलेला २४ इंची मॉनिटर. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला. दोन आठवड्यांत फरक जाणवला. निळीशाई ताई, तुम्ही आकड्यांचं काम करता, लॅपटॉपच्या १५ इंची पडद्यावर टॅली आणि एक्सेल शेजारी-शेजारी उघडून बघा, मग ठरवा. मुलीसाठीसुद्धा घरी मॉनिटर हवाच. एकोणिसाव्या वर्षी मान दुखत नाही, म्हणून कोणी काळजी घेत नाही.

चेंदणीकर

मी ठाण्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो, वीस वर्षं झाली. कंपन्यांची नावं घेणार नाही, माझ्याकडे काय येतं ते सांगतो.

पावसाळ्याच्या तोंडावर लाइट जाते-येते. ती जाताना इतकं नुकसान होत नाही, परत येताना झटका बसतो. डेस्कटॉपचे एसएमपीएस जळून येतात, क्वचित मदरबोर्ड. लॅपटॉपचा बहुधा चार्जर जातो, कारण झटका आधी त्याच्यावर येतो आणि मध्ये बॅटरी असते. म्हणून डेस्कटॉप घेणार असाल तर यूपीएसला पर्याय नाही.

घोडबंदर रोडवरून येणारी मशीनं उघडली की आत पिठासारखी धूळ असते, मेट्रो ४ च्या कामाची. वाशी-ऐरोलीकडून, खाडीच्या बाजूने येणाऱ्यांत धूळ कमी पण दमटपणा फार. पोर्ट हिरवट पडतात, रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात काळवंडतात. डेस्कटॉपची पट्टी काढली, साध्या खोडरबराने दात पुसले, परत लावली, मशीन सुरू. असं कितीतरी वेळा केलंय. लॅपटॉपमध्ये रॅम डाखलेली असेल तर हा मार्गच बंद.

लॅपटॉपची सगळ्यात मोठी तक्रार : फुगलेली बॅटरी. चोवीस तास चार्जरला लावलेला लॅपटॉप, त्यात उष्णता. आधी टचपॅड वर उचलल्यासारखा होतो, क्लिक नीट होत नाही. लोक टचपॅड बदलायला घेऊन येतात. तसं दिसलं की तो लगेच बंद करून न्यावा. तो दाबू नये, टोचू नये.

आता ताई, मला एक सांगा. दोघींच्या कामाच्या वेळा काय? तुमचं मशीन रात्री मुलीला आणि दिवसा तुम्हाला, असं खरंच जमणार आहे का?

निळीशाई

सगळ्यांचे आभार. एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

@चेंदणीकर, तुमचा प्रश्न वाचून मी कॅलेंडर घेऊन बसले. ११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न), २० तारखेला ३बी (कर भरायचं रिटर्न). दुकानदार बिलं देतात ती ९ आणि १८ तारखेनंतरच, कितीही सांगा. म्हणजे महिन्यात दोनदा मी रात्री एक-दीडपर्यंत बसलेली असते. पायवाट म्हणतात तशा ज्यूरीच्या आदल्या रात्री त्याच दिवसांत आल्या तर? आणि लॅपटॉप घेऊन ती कॉलेजात गेली की दिवसभर मी काय करणार?

म्हणजे एका मशीनवर दोघींचं भागणारच नाही. मी इतके दिवस लॅपटॉप की डेस्कटॉप हाच विचार करत होते.

चेंदणीकर

तेच म्हणतोय. तुमच्या कामाला नवं मशीन लागत नाही. टॅलीला ग्राफिक्स नको, जोरकस प्रोसेसर नको. भरवशाचं मशीन, एसएसडी (वेगवान डिस्क), १६ जीबी रॅम, विंडोज ११. बस.

मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांच्या भाड्याने मशीनं घेतात आणि मुदत संपली की परत करतात. तीच साफ होऊन बाजारात येतात. त्यात छोटे डेस्कटॉप असतात, जाड पुस्तकाएवढे. मॉनिटरच्या मागे बसतात. डेलचे ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोव्होचे थिंकसेंटर टाइनी, एचपीचे मिनी. आत लॅपटॉपसारखी पण खाचेत बसणारी रॅम. वीज कमी खातात, प्रोसेसर ३५ वॅटचा असतो. इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचीच घ्या, सातवीला विंडोज ११ ची अधिकृत मान्यता नाही. सातवी-सहावी स्वस्तात गळ्यात मारतात, तिथे सावध.

तुमचा मॉनिटर, कीबोर्ड, माउस चालू आहेत ना? ते वापरा. मग नव्वदातला मोठा वाटा लेकीच्या लॅपटॉपला राहतो.

घोडबंदरकर

हा मार्ग मला पटला. मी असेम्बल करा म्हणणार होतो, पण २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव जे चढले त्यात सुटे भाग जमवण्याचा फायदा कमी झालाय. सगळी मेमरी एआयच्या डेटा सेंटरांकडे वळली. मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉन कंपनीने डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. पूर्वी "आत्ता ८ घ्या, पुढच्या वर्षी वाढवा" असा सल्ला मी सगळ्यांना द्यायचो. आता जेवढी लागणार तेवढी मशीनसोबतच घ्या.

लॅपटॉप बघताना दुकानदाराला चार गोष्टी विचारा. ग्राफिक्स चिपला किती वॅट मिळतात? रॅमच्या खाचा किती, रिकाम्या किती? एकच पट्टी आहे की दोन? एसएसडीची दुसरी जागा आहे का? रेव्हिटला एका कोअरचा वेग आणि रॅम जास्त लागते, ग्राफिक्स त्यामानाने कमी. रेंडरिंगला ग्राफिक्स लागतं. म्हणून प्रोसेसर एच मालिकेतला, रॅम १६ पण वाढवता येईल अशी, आणि ग्राफिक्सची मेमरी निदान ६ जीबी, या क्रमाने बघा. पडद्याबद्दलही विचारा, स्वस्त गेमिंग लॅपटॉपांचे पडदे रंगांना फिके असतात. तिला घरी मॉनिटर मिळाला तर तेवढं चालून जाईल.

खाडीपूल

थोडं विषयांतर, माफ करा. वडील निवृत्त झालेत, कोपरखैरण्यात असतात. बातम्या, यूट्यूब, नातवंडांशी व्हिडिओ कॉल. ऑल-इन-वन घ्यावा म्हणतोय, वायरी कमी.

चेंदणीकर

@खाडीपूल, नको. पडदा गेला तर मशीन अडकतं, मशीन गेलं तर पडदा अडकतो. वर सांगितलेला छोटा डेस्कटॉप आणि मोठा मॉनिटर द्या, वायरी तेवढ्याच राहतात. वेबकॅम वेगळा घ्या आणि अक्षरं १२५ टक्क्यांवर ठेवा.

खाडीपूल

पटलं. धन्यवाद.

अबोली

निळीशाई ताई, जुन्या मॉनिटरला नुसता व्हीजीए (जुन्या पद्धतीचा पोर्ट) असेल तर आधी बघून घ्या. या छोट्या मशीनांना बहुतेक डिस्प्लेपोर्ट असतो. मधे कन्व्हर्टर लागतो.

निळीशाई

खरेदी झाली, म्हणून सविस्तर लिहिते. पुढे कोणाला उपयोग होईल.

रविवारी लॅमिंग्टन रोडची बहुतेक दुकानं बंद असतात म्हणून शनिवारी गेलो. ठाण्याहून फास्ट पकडून दादर, तिथून पश्चिम रेल्वेची स्लो, ग्रँट रोड. आधी वाशीला दोन दुकानांत भाव काढले होते, त्यामुळे बोलायला बळ आलं. घोडबंदरकरांचे चार प्रश्न मुलीने वहीत लिहून नेले होते. पहिल्या दुकानात वॅटचा प्रश्न विचारल्यावर समोरचा म्हणाला, "मॅडम, सगळे सारखेच." आम्ही उठलो. तिसऱ्या दुकानातल्या मुलाने कंपनीच्या साइटवरून आकडा काढून दाखवला, खालचं झाकण असलेलं चित्रही दाखवलं : रॅमच्या दोन खाचा, एक रिकामी. तोच लॅपटॉप घेतला. घरी यायच्या आधी तिने तो पाठीवर घेऊन दुकानाच्या दोन जिन्यांवरून चढ-उतार करून बघितली.

माझा छोटा डेस्कटॉप ठाण्यातच घेतला. आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, १६ जीबी, ५१२ ची एसएसडी. चेंदणीकरांनी निरोपात सांगितलं होतं तसं सगळं तपासलं : बायोसला (मशीनच्या मूळ सेटिंगला) आधीच्या कंपनीचा पासवर्ड नाही ना, विंडोज ॲक्टिव्हेट झालेलं आहे ना, क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासायच्या प्रोग्रॅममध्ये एसएसडीची तब्येत काय दाखवते. जीएसटीचं बिल घेतलं आणि सहा महिन्यांची वॉरंटी बिलावर हाताने लिहून शिक्का मारून घेतली. मॉनिटरला व्हीजीएच निघाला, अबोलीमुळे कन्व्हर्टर त्याच दिवशी आणला. ६०० व्हीएचा यूपीएस नवा. उरलेल्या पैशांत लेकीसाठी लॅपटॉपचा स्टँड, कीबोर्ड आणि माउस. तिचा मॉनिटर दिवाळीत.

जुन्या डेस्कटॉपमधली हार्ड डिस्क काढून ठेवली आहे. त्यात बारा वर्षांचे हिशेब. पहिल्यांदा टॅली शिकले ते त्याच मशीनवर, लेक पहिलीत होती तेव्हा. कॅबिनेट हलवल्यावर टेबलाखालची जागा मोकळी दिसते, तिथे आता तिच्या शीटची नळी उभी राहते.

दोन शंका आहेत. ती डिस्क नव्या मशीनला जोडता येईल का? आणि रात्री यूपीएस बंद करावा का?

चेंदणीकर

अभिनंदन ताई. साडेतीन इंची डिस्कला वेगळी वीज लागते. ॲडॉप्टरसकट येणारी यूएसबीची पेटी घ्या, नुसत्या केबलवर चालणार नाही. आधी सगळा डेटा उतरवून दोन ठिकाणी ठेवा, डिस्क जुनी आहे. मशीन भंगारात द्याल तेव्हा ती डिस्क मात्र देऊ नका.

यूपीएस रात्री चालू राहिला तरी हरकत नाही, बॅटरी भरलेली राहते. दोन-तीन वर्षांनी बॅटरी बदलावी लागेल, १२ व्होल्ट ७ एएचची साधी मिळते. महिन्यातून एकदा मशीन चालू असताना भिंतीवरचं बटण बंद करून किती मिनिटं टिकतं ते बघा. १० आणि १९ तारखेला नको.

आणि लेकीच्या लॅपटॉपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते, घरी प्लगला लावून काम करताना ती चालू ठेवायला सांगा.

निळीशाई

आत्ताच चालू केली. ज्यूरीच्या आदल्या दिवशी १०० करेन म्हणते.